झऱ्यावरची निलगिरी

वांगणी, ता. जव्हार
दि. २० मार्च २०२५

चि. देवानंद यास पुष्पाताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे सर्व खुशाल असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. माळावर चढून फोन करता आला असता, पण रेंजसाठी तिथे अर्धा पाडा उभा असतो. मला तुला शिव्या द्यायच्या आहेत, आणि त्या चारचौघांत देता येत नाहीत. म्हणून पत्र.

होळीला आला नाहीस. सोसायटीच्या हिरवळीला पाणी घालायला दुसरा माळी मिळाला नाही म्हणे. घाल बाबा, त्यांच्या गवताला पाणी घाल. इथे आपल्या झऱ्याची काय दशा झाली आहे ते ऐक. पूर्वी शिमग्यातसुद्धा हंडा बुडायचा त्यात. आता करवंटीनं खरवडून पाणी भरावं लागतं, आणि तेही चहासारखं तांबूस. वरून तुझ्या निलगिरीची साल लोंबत असते, अंगावरची खपली सुटावी तशी. ती पाण्यात पडून कुजते. परवा करवंटी तोंडाला लावली आणि सालीचा बुळबुळीत तुकडा जिभेवर आला. मला ओकारीच आली.

या झाडांची मला किळस येते, देवानंद. आपली शेळी सिमेंटची गोणीसुद्धा सोडत नाही, ती तुझ्या झाडाकडे बघून तोंड फिरवते. खाली गवत नाही, पावसाळ्यातली रानभाजी नाही. तरी माणसांना ती आवडतात! मागे जव्हारचा शिरपामाळ बघून पुढे धबधबा शोधत आलेली मंडळी झाडांखाली उभी राहिली, उटीला आल्यासारखं वाटतं म्हणाली, फोटो काढले आणि वेफर्सच्या रिकाम्या पिशव्या झऱ्यात टाकून गेली. मी त्या पिशव्या वेचत होते तेव्हा तुझीच आठवण येत होती.

त्यात तू तिकडे बांधकामावर असलेल्या आपल्या पाड्यातल्या वाळूच्या हाती निलगिरीच्या तेलाची बाटली पाठवलीस. आई ते तेल रोज गुडघ्यांना चोळते. पोरानं पाठवलंय म्हणून चोळते, उतार काही नाही. गोधडीला तो वास, पिठाला तो वास. नागलीची भाकर तोंडात घातली की खोकल्याची गोळी चघळल्यासारखं वाटतं.

आता मुद्द्याचं. मी झाडं तोडायची म्हणते तर आई तोडू देत नाही. होळीला उभी करायला सरळसोट लाकूड हवं म्हणून बुध्या आणि पोरं आली होती. तर ही कोयता घेऊन झऱ्यावर जाऊन बसली. पोराच्या हातचं झाड आहे, कोणी हात लावायचा नाही, असं म्हणाली. बरं, तुझ्यावर एवढी माया म्हणावी, तर तुझं नाव काढलं की गप्प होते. फोनवर बोल म्हटलं तर गुडघे दुखतात.

हा झरा आटला तर पाणी खाली नदीच्या डोहातून आणावं लागेल. ती उतरण आईला जमत नाही, आणि मी अंगणवाडीची खिचडी शिजवू की दिवसभर हंडे वाहू? मग तिला ठाण्याला तुझ्या खोलीत आणून ठेवावं लागेल. तिथे ती किती दिवस जगेल ते तूच सांग. तेव्हा आईला चार ओळी लिही की झाडं तोडून टाका. तुझ्या शब्दाशिवाय ती ऐकणार नाही.

मीनाला आशीर्वाद, दिपिकाचा पापा.

तुझी संतापलेली,
पुष्पाताई

•

ठाणे
दि. २ एप्रिल २०२५

ती. पुष्पाताईस देवानंदचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मीनानं मोठ्यानं वाचून दाखवलं. शिव्या आल्या की ती जास्त मोठ्यानं वाचत होती. दिपिका शाळेत जायला लागली आहे आणि तिला तुझ्या पत्रातला ‘बुळबुळीत’ हा शब्द फार आवडला. आता जेवताना प्रत्येक भाजीला तेच म्हणते.

ताई, तू निलगिरीला उगाच नावं ठेवतेस. आमच्या सोसायटीत तिच्या पाल्याची जुडी फुलवाला विकतो, मॅडमलोक ती फुलदाणीत ठेवतात. सर्दी झाली की रुमालावर दोन थेंब टाकतात. तिच्या लाकडाचा कागद होतो. वाळूला विचार, स्लॅबखाली टेकू लावतात त्या बल्ल्या कशाच्या असतात? निलगिरीच्याच. अख्खं ठाणे शहर आधी निलगिरीवर उभं राहतं आणि मग सिमेंटवर. इतक्या उपयोगाच्या झाडाची तुझ्या शेळीला किंमत नाही, त्याला मी काय करू.

आणि हे पण लिहितो, राग येऊ देऊ नकोस. मी ती झाडं माझ्या मनानं लावली नाहीत. आईनं सांगितलं होतं. तू तेव्हा मोखाड्याला सासरी होतीस, दाजी होते, म्हणून तुला माहीत नाही. मीनाला दिपिकाच्या वेळी दिवस गेले होते. आई माळावर चढून हौशीकाकूच्या फोनवरून बोलली. वारा इतका होता की निम्मं ऐकूच आलं नाही. पण येशील तेव्हा झऱ्यावर निलगिरी लाव, एवढं मी नीट ऐकलं. का ते पण ऐकलं. काठाची माती धरून ठेवते, मीना बाळंत झाली की तिच्या न्हायच्या पाण्यात पाला टाकता येईल, गुडघ्याला गरम करून बांधता येईल, कणगीत टाकली की नागलीला कीड लागत नाही. एवढं सगळं तिनं सांगितलं, ते मी अजून विसरलो नाही.

नर्सरीतून रोपं घेतली. एसटीत कंडक्टर खाली ठेवू देईना, ठाण्यापासून जव्हारपर्यंत मांडीवर धरून बसलो. पँटचा चिखल झाला. लोक हसत होते. लावली आणि दुसऱ्या दिवशी परत निघालो, सुट्टी नव्हती. मी खड्डे करत होतो तेव्हा आई नुसती बघत उभी होती. एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, खूश झाली.

आता तीच झाडं मी तोडायला कशी सांगू? तिनं हौसेनं मागून घेतलेली वस्तू आहे. तिला तेल आवडतं म्हणून दुसरी बाटली घेऊन ठेवली आहे. वाळू गावी जाईल तेव्हा पाठवतो.

आईला दंडवत. राग आवर, पण पत्र लिहीत जा.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
देवानंद

•

वांगणी
दि. १४ एप्रिल २०२५

चि. देवानंद यास आशीर्वाद.

दुसरी बाटली पाठवलीस तर ती मी वाळूच्या डोक्यात फोडीन.

अरे गाढवा, कणगीत कोणी निलगिरी टाकतं का? बाळंतिणीला निलगिरीनं न्हाऊ घालतात का? तुझं पत्र मी वाचलं, मग चुलीपाशी बसून पुन्हा वाचलं, आणि आधी इतकी हसले की आईनं विचारलं काय झालं. मग पत्राची घडी करून पदरात खोचली. निरगुडी, देवानंद. ती निरगुडी म्हणत होती. नदीच्या काठाला उगवते, जांभळट तुरे येतात, लहानपणी तुला खरूज झाली तेव्हा जिच्या पाण्यानं तुला घासला होता, ती निरगुडी. आईचे पुढचे दात तेव्हाच पडले होते, तिच्या तोंडून र निघत नाही. शेत भाजायच्या राबाला ती रोज लाब म्हणते, निरगुडीला निलगुडी, आणि तुझ्या लक्षात आलं नाही! वर वारा होताच.

एवढा माळी म्हणवतोस. नर्सरीत रोप हातात घेतलंस, चुरगाळून वास तरी घेतला असतास. आपल्या घरातल्या पाल्याचा वास कसा विसरतो रे माणूस? मला झाडांची येत होती त्यापेक्षा जास्त शिसारी आता याची येते आहे.

मी हौशीकाकूकडे गेले. फोन तिचा होता, तिला सगळं आठवतं. म्हणाली, सून बाळंतपणाला इकडे येईल, तेव्हा पाला घराजवळ हवा, नदीवर उतरायला गुडघे साथ देत नाहीत, म्हणून तुझी आई पोराला लाव म्हणत होती. पुढचं ऐक. तू लावून गेलास त्या उन्हाळ्यात आईनं त्या रोपांना पाणी घातलं. झऱ्याचं पाणी काढून, एकेका रोपाला. तेच गुडघे घेऊन. काकूनं विचारलं की हे कसलं झाड, तर म्हणाली, पोराचं.

मी आईला अजून काही बोललेले नाही. माझी हिंमत होत नाही. तू येऊन सांग.

पुष्पाताई

•

ठाणे
दि. १९ एप्रिल २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मीनानंच वाचलं, पण या वेळी मोठ्यानं नाही. मग माझ्या हातात दिलं आणि भाताकडे गेली. भात करपला.

तिनं मला कधी सांगितलं नव्हतं, त्या रात्री सांगितलं. तिच्या मनात होतं की पहिल्या बाळंतपणाला सासूनं साधी विचारपूस केली नाही (आईचा तो फोन मी तिला कधी सांगितलाच नव्हता), म्हणून ती पण कधी यायला फार राजी नसायची. आता म्हणते, बाईनं माझ्यासाठी पाला मागितला आणि या माणसानं टेकूची बल्ली लावली. तेव्हापासून दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. सोसायटीत एक निलगिरी आहे, तिच्या खालचा पाला आज झाडताना मला पण वास सहन झाला नाही.

मी महिनाअखेरीला आखातीच्या सणाला येतो, मीना आणि दिपिका पण येतात. पण मी आईसमोर उभा राहून हे सांगू शकणार नाही. मला बघूनच ती गप्प होईल आणि मी पण. तू आधी सांग. एवढं कर.

तुझा,
देवानंद

•

वांगणी
दि. २५ एप्रिल २०२५

चि. देवानंद यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

सांगितलं.

आई झऱ्यावर करवंटीनं पाणी खरवडत होती. मी तिच्या हातातून करवंटी घेतली आणि सगळं सांगून टाकलं, वारा, दात, नर्सरी, मांडीवरची रोपं. ती ऐकत होती आणि तुझ्या झाडांकडे बघत होती. मला वाटलं, आता रडेल. तर तिनं एवढंच विचारलं की, मंग पोलानं माझा आयकला व्हता?

मी हो म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं.

मग ती बोलायला लागली. तू रोपं घेऊन आलास तेव्हाच तिनं ओळखलं होतं की ही निरगुडी नाही. पण तिला वाटलं, शहरात राहून पोराला आपला पाला रानटी वाटायला लागला. आईनं मागितलं एक, त्यानं मुद्दाम आणलं दुसरं. सूनही बाळंतपणाला आली नाही, तेव्हा तिची खात्रीच झाली. तुला विचारायची तिला लाज वाटली. म्हणून गप्प राहिली. आपला शब्द त्यानं नाही ठेवला, पण त्यानं लावलेलं तरी जगवावं, म्हणून पाणी घातलं. इतकी वर्षं त्या वासानं तिला मळमळत होतं, रे! माझ्याहून जास्त. मी निदान बोंबलत तरी होते. ती तेच तेल चोळून झोपत होती.

बोलून झाल्यावर ती उठली, घरात गेली, बाटली आणली आणि लांब खडकावर ओतून टाकली. मग मला म्हणाली, कुऱ्हाड आण. पहिला घाव तिनंच घातला. मी नको म्हटलं तर मला ढकललं. लाकूड कापताना तो चीक हातांना लागला, तर शी शी करत धोतरा चघळल्यासारखं कडू तोंड करून माझ्याच पदराला पुसत होती, आणि हसत होती. बुध्या आणि पोरांनी उरलेली पाडली. पाड्यातल्या ढवळूबाच्या गोठ्याला त्यांचे वासे झाले, म्हणजे तुझ्या उपयोगांतला एक तरी उपयोग खरा निघाला.

झऱ्याला पाणी वाढलं का म्हणशील तर नाही. ते पावसाळ्यानंतर कळेल. आणि ही मेली बुंध्यातून पुन्हा फुटते. चार दिवस झाले नाहीत तोवर लाल कोंब दिसायला लागतील असं सगळे सांगतात. मुळं खणून काढावी लागतील. ते काम आम्हा बायकांचं नाही, तुझं आहे.

येताना काहीही आणू नकोस. रोप नको, तेल नको. वाटेत खाली नदीवर उतर आणि निरगुडीच्या फांद्या तोडून आण, झऱ्यावर खोचायला. मीना आली की आई तिला त्या पाल्यानं न्हाऊ घालणार आहे. बाळंतपण होऊन सहा पावसाळे झाले असं मी म्हटलं, तर म्हणाली, राहिलं ते राहिलंच आहे ना.

आता पुन्हा घोळ नको म्हणून मी आईसमोर अक्षरं सुटी करून लिहिते: नि, र, गु, डी. तिला वाचता येत नाही, आणि तिचा अक्षरांवर विश्वासही नाही. तिनं मला नदीवर पिटाळलं आणि पाल्याची एक डहाळी या पाकिटात घालायला लावली आहे. तुला निरोप आहे की वाचू नकोस, हातावर चुरगाळ आणि वास घे.

लोभ आहेच, तो कुदळीसकट घेऊन ये.

तुझी,
पुष्पाताई