मामांचा ट्रक आणि पडद्यावरचा घाट

तीर्थस्वरूप मामांना,

तुम्ही कान पिळून घडवलेल्या भाच्याचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघे कसे आहेत? (परवा फोनवर ‘ठणठणीत’ म्हणालात, पण उठताना खुर्ची करकरली आणि तुम्हीही.)

आपला जुना ट्रक मी ड्रायव्हिंग स्कूलला शिकवणीसाठी दिला होता ना, तिथे आता सिम्युलेटर आलाय. म्हणजे खोलीत खुर्ची, स्टिअरिंग, तीन पेडल आणि समोर पडद्यावर घाट. दरीत कोसळलात तरी बटण दाबलं की पुन्हा जिवंत. यावर माणसं खरंच शिकतात का, हे ठरवायला मॅनेजरबाईंनी मला पंच नेमलं. यंत्र पुरेसं ठरलं, तर ट्रक भंगारात. मी म्हटलं, परीक्षाच घेऊ. सहा नवशिके, तिघं आठवडाभर यंत्रावर, तिघं माझ्यासोबत ट्रकवर, शेवटी सगळ्यांनी ट्रक चालवून दाखवायचा. (पंचानंच एका बाजूनं खेळावं, हे कुणाला खटकलं नाही. मलाही नाही.)

मी तुमचीच पद्धत काढली. मीटरवर फडकं टाकायचं आणि कानानं गाडी चालवायची. चढावर तुम्ही विचारायचात, “इंजिन काय म्हणतंय?” मी म्हणायचो, “दमलंय.” “मग गिअर उतरव की गधड्या, त्याची मुलाखत काय घेतोस!” अजूनही चढ आला की मला आधी तुमचा आवाज ऐकू येतो, मग इंजिनाचा. त्या केबिनमधला डिझेलचा वास, खिडकीबाहेर टाकलेला तुमचा कोपर... तसे दिवस पुन्हा नाहीत. खोलीतलं यंत्र मात्र गाडी रिकामी असो की भरलेली, एकाच सुरात घुरघुरतं. मनात म्हटलं, जिंकलो.

काल परीक्षा झाली. यंत्रावरची तिघंही पास. चढावर इंजिन रडवलं खरं, पण बंद पाडलं नाही. त्यातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी तर, सुईत दोरा ओवावा तसा ट्रक रिव्हर्समध्ये लावला. माझ्या तिघांपैकी एकानं भिंत गाठली, दुसऱ्यानं कुंपण. तिसरा पास झाला, पण तो आधीपासून ट्रॅक्टर चालवतो.

आता अहवालात खोटं लिहवत नाही आणि खरं लिहिलं तर ट्रक जातो. मामीला नमस्कार.

तुमचाच,
गधडा

ता. क. मॅनेजरबाईंच्या हातापाया पडून एक आठवडा मागून घेतलाय. माझ्या त्या दोन नापासांना तुम्ही शिकवा. गुडघ्यांचं काम नाही, शेजारी बसून ओरडायचं फक्त. गाडी पाठवतो.

आणखी एक. कुंपणवाल्याला विचारलं, कुठं चुकलं रे? म्हणाला, “साहेब, मामांच्या सगळ्या गोष्टी पाठ झाल्या. स्टिअरिंग तेवढं आठवड्यात दोनदाच हाती आलं.” तेव्हा मामा, आल्यावर माझ्या गोष्टी सांगत बसू नका.