पाय दिसणारं पाणी

बा,

तुझी सून गेली. दिवाळीच्या आठ दिवस आधी, मुरुडच्या याच घरात. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. तिकडे तुमची गाठ पडली असेल तर तिने माझी चुगली केलीच असेल, पण आता माझ्या तोंडून ऐक. मी तिला बार्बाडोसला नेणार होतो. विमानाने, सुट्टीसाठी. हसू नकोस, हे खूळ तिच्या डोक्यात तूच घातलंस.

बार्बाडोसला क्रिकेटची मॅच असली की संध्याकाळी तू ओट्यावर जाळं शिवत ट्रान्झिस्टर लावायचास, आणि ती नवी नवरी, आत बोंबील साफ करता करता ऐकत असायची. "मामंजी, तिथं पन आपल्यासारखे माड हायत?" तिने एकदा विचारलं. "हायत गो. पन पानी असं, का गळ्यापर्यंत उभी ऱ्हायलीस तरी तुझे पाय तुला दिसतील." तू स्वतः कधी दिघी बंदराच्या पुढे गेला नव्हतास, पण सांगणं असं की कालच आंघोळ करून आलास. तेव्हापासून ती आपल्या गढूळ पाण्यात उभी राहून पाय शोधायची. पुढे होडी विकून आम्ही चार खोल्यांचा लॉज काढला. सुट्टीवर आलेल्यांना तिने जन्मभर सुरमई तळून वाढली, स्वतः एक दिवस कुठे गेली नाही.

चैत्रात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "कुठे न्यायचं असेल तर न्या. दिवाळीची वाट बघू नका." मग आम्ही जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून बसलो. पासपोर्ट, लंडनला विमान बदलायचं, व्हीलचेअर सांगून ठेवायची, गोळ्या हातातल्या पिशवीत. जवळ्याची चटणी न्यायला देतील का, ही तिची काळजी. महिना मी श्रावण धरला. लॉज रिकामा, होड्या किनाऱ्यावर. आपल्या लोकांची सुट्टी तीच. अलिबागच्या तिकीटवाल्या मुलीने कपाळाला हात लावला. "काका, तिथे ते वादळाचे महिने. डिसेंबरला जा, आभाळ स्वच्छ असतं."

"वादळ तर वादळ," ही म्हणाली. "मी काय होडी घालनार हाय?"

आणि मला तू आठवलास. सोळाव्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या चार दिवस आधी मी होडी ढकलली, तेव्हा सगळ्या बंदरासमोर माझ्या मुस्काटात दिली होतीस. "नारळ दिल्याबिगर दर्यात जातोस? दर्या तुझ्या बापाचा हाय काय?" बाप समोरच उभा होता, पण हसायची सोय नव्हती. मी डिसेंबरची तिकिटं काढली. "बरं, तुमी म्हनाल तसं," ती म्हणाली. एरवी भांडल्याशिवाय ती मीठसुद्धा घालायची नाही.

आता डिसेंबर लागला, परवाचं विमान आहे. तिची बॅग तिनेच भरून ठेवलेली, पाण्यात घालायच्या चपला सगळ्यात वर. लॉजचा फोन वाजतो, मी उचलत नाही. सकाळ झाली की ती कशाला झाली असं वाटतं. खरं सांगू, हे पत्र मी तुला दोष द्यायला घेतलं होतं. पण तू मला थांबवलंस ते मी जगावं म्हणून. मी तिला कशासाठी थांबवलं? डिसेंबरचं तिकीट हातात असलं की ती डिसेंबरपर्यंत राहीलच, असं मी धरून बसलो. डॉक्टर काय म्हणाले ते तिला सांगितलंच नाही. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एवढं तरी लिहवतंय.

अजून एक आहे. श्रावणात आधी जायचं म्हणत होतो त्या आठवड्यात मी रोज फोनवर तिथलं हवामान बघत होतो. सातही दिवस लख्ख ऊन होतं. तिने अंथरुणावरून विचारलं, "आज तिथं कसं हाय हो?"

"वादळ," मी म्हणालो.

"बरं झालं मग, न्हाय गेलो ते," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.