पाण्याच्या पाचपट दोर

चाचा,

तुमचा नांगर बरोबर होता. एवढंच लिहून कागदाची घडी घालावी, असं आधी मनात होतं. पण एका वाक्यात बोलणं मला कधी जमलं नाही. ह्याच्यात भात्यापेक्षा जास्त वारा आहे, असं तुम्हीच म्हणायचात. आणि जे खरोखर एका वाक्यात सांगायला हवं होतं, ते तुम्ही होतात तोवर तोंडातून निघालं नाही. गेल्या आठवड्यात कासार आंबोलीचा एक बंगलेवाला माझ्या वर्कशॉपात आला. धरणाच्या पाण्यात हौसेची होडी ठेवलीय, तिला नांगर हवा होता. मी करून दिला. तुमच्यासारखाच, दोन पात्यांचा, टोकाला जड. सोबत दोराचं भलं मोठं वेटोळं दिलं. तो म्हणाला, "काका, एवढा दोर? मला काय समुद्रात जायचंय?" मी म्हणालो, "पाण्याच्या पाचपट दोर लागतो. आमच्या चाचांचा नियम आहे." तो घेऊन गेला. तुमचा असा काही नियम नव्हता, चाचा. असता तर पाच माणसं वाचली असती, आणि तुम्हीही बहुतेक.

मी पौडला तुमच्या भट्टीवर आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. लग्न नुकतंच झालेलं आणि आमचं म्हणावं असं सगळं रान धरणाच्या पाण्याखाली. ते आज्याच्या वेळीच बुडालं होतं. मी फक्त ऐकून होतो, हितं खाली आपला बांध, तितं आपला आंबा. तुम्हाला घण मारायला माणूस हवा होता. तुम्ही माझे दंड पाहिले नाहीत. दोन फाळ ऐरणीवर ठेवलेत, एकेक ठोका दिलात आणि विचारलंत, "ह्यातला कुटला मोडंल?" मी डावीकडचा दाखवला. "कशावरनं?" "त्यो बद्द बोलतोय." तुम्ही हसलात आणि घण माझ्या हातात दिलात. पुढे एकदा तुम्ही जोडलेल्या फाळाचाच आवाज मला बद्द लागला. वडीलधाऱ्या माणसाचं काम, म्हणून मी गप्प बसलो. तो फाळ चौथ्या दिवशी मोडून परत आला. मी म्हणालो, मला वाटलंच होतं. तुम्ही हातोडा खाली ठेवलात. "आयकू आलं आन् बोलला न्हाईस? मंग तुजं कान काय भिताडाला टांगू?" असं म्हणून तुम्ही दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत. ती बोलणी मी जन्मभर लोकांना हसत सांगत आलो. माझ्या हाताखालच्या पोरांना तर पाठ आहे.

त्याच उन्हाळ्यात नावाडी आला. पाण्यापलीकडच्या गावांची ने-आण करायचा. तोही मूळचा नांगर धरणारा, रान बुडालं म्हणून वल्हं हातात घेतलेला. दारातच उभा राहून म्हणाला, "चाचा, नांगर पायजे." मी विचारलं, "लाकडाला बसवायचा का सगळा लोखंडी?" "नावंला पायजे." मी म्हणालो, "तुजी बैलं पवत्यात व्हय?" भट्टीवर बसलेले दोघे-तिघे पोट धरून हसले. तो बिचाराही हसला. मग त्यानं सांगितलं. घाटावरून वारा सुटला की नाव वल्ह्याला दाद देत नाही, पलीकडच्या कातळाकडे जाते. म्हणून दोराला धोंडा बांधून टाकायचा आणि वारा पडेपर्यंत थांबायचं. पण धोंडा चिखलावरून घसरतो. मागच्या साली कुणाकडून विहिरीतली बादली काढायच्या गळासारखा चार आकड्यांचा गळ करून घेतला होता. तो बुडालेल्या गावाच्या भिंतीत असा अडकला की दोर तोडून द्यावा लागला. "एक ऱ्हात न्हाई आन् एक निघत न्हाई," तो म्हणाला. सगळे पुन्हा हसले. तुम्ही हसत नव्हता. तुम्ही कोपऱ्यातल्या फाळांकडे बघत होता. "समद्या दुनियंत नावंच्या त्या वस्तूला नांगरच म्हंत्यात नव्हं?" तुम्ही विचारलंत. "व्हय." "मंग आपुन नांगरच करू."

तीन आठवडे तुम्ही दुसऱ्या कामाला हात लावला नाहीत. पहिला केलात तो एका फाळाचा. तो आडवा पडला की आडवाच राहायचा आणि चिखलावरून सरकत जायचा. मग घराच्या छपराच्या पाखांसारखी दोन पाती मधल्या कण्यावर जोडलीत, म्हणजे कुठल्याही कुशीवर पडला तरी एक पातं खाली येणार. टोकात जास्तीचं लोखंड घातलंत. दांडा पक्का न ठेवता खिळीवर फिरता ठेवलात, म्हणजे वाऱ्यानं नाव वळली तरी पातं उपटणार नाही. मी घण मारत होतो आणि बघत होतो. चौथी बुक शिकलेला माणूस जमिनीवर कोळशानं रेघा मारतोय, पुसतोय, परत मारतोय. वैशाखात ओढ्याकाठच्या खाचरात पाणी सोडून आपण चिखल केला आणि नांगर टाकून बैलजोडी जुंपली. बैल चार पावलं गेले. नांगर कुशीवर पडला, वळला, आणि टोक आत शिरलं. पुढचं मला आजही दिसतं. बैल थांबतात, खाली वाकतात, डावा बैल गुडघ्यावर येतो, आणि चिखलाबाहेर फक्त दांड्याचं टोक उरतं. तुम्ही शेल्यानं तोंड पुसता आणि मला म्हणता, "जा, सांग तुज्या आज्याला. त्याचं रान पुन्यांदा नांगराया निगालंय."

दोर नावाड्यानं आणला. काथ्याचा, कोकणातून मागवलेला, सत्तर हात. तुम्ही त्या दुपारी जुम्म्याच्या नमाजाला गेला होता. मी आणि तो दोघंच भट्टीवर होतो. कडीत दोर ओवताना मी विचारलं, "पानी किती हाय?" तो म्हणाला, आत्ता पंधरा हात. मी हसलो. "मंग सत्तर हात कशाला? हिरीला किती दोर लागतो? पानी हाय तेवडा, वर दोन हात. मी तुला चाळीस देतो, दुप्पटीच्या वर झालं." त्यानं डोकं खाजवलं. "वज्जं कमी हुईल ते बी खरं," म्हणाला. मी छिन्नी लावली आणि दोर तोडला. राहिलेला तीस हात? "ऱ्हाऊ दे हितंच," मी म्हणालो, "लागंल तवा ने." मला तो दोर आवडला होता, चाचा. हातात घेतल्यावर कळतं तसला दोर होता. संध्याकाळी मी तो घरी नेला. भाद्रपदात धरण भरलं की तिथं पस्तीस हात पाणी होतं, हे मला ठाऊक होतं. पाण्याकाठीच वाढलो होतो. फक्त त्या दुपारी डोक्यात विहीर होती, आणि विहिरीचं पाणी असं दुप्पट होत नाही.

गौरीच्या सणाला नाव सुटली ती बायकामाणसांनी भरलेली. दुपारी घाटावरून वारा आला. नावाड्यानं नांगर टाकला, आणि तरीही नाव पलीकडच्या कातळावर जाऊन फुटली. नावाडी गेला. दोन माहेरवाशिणी, एक म्हातारा आणि एका बाईच्या कडेवरचं लेकरू गेलं. त्या लेकराची आई वाचली. चौथ्या दिवशी आपण दोघं तिच्या गावी गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती, कुणीतरी विचारलं म्हणून बोलत होती. "नांगर टाकला. नाव थांबली. मंग खालनं हिसका बसला आन् सुटली. पुन्यांदा थांबली, पुन्यांदा हिसका. असं चारदा झालं. मंग थांबलीच न्हाई." तुम्ही मान खाली घालून ऐकत होतात. माझ्या कानात तो शब्द तेव्हाच रुतून बसला, हिसका. घसरणारा नांगर हिसका देत नाही. पण तेव्हा पुढचा विचार आला नाही. मी तिच्या हातातल्या रिकाम्या कुंचीकडे बघत होतो.

चैत्रात पाणी उतरलं तेव्हा नांगर सापडला, दोर कुणीतरी केव्हाच कापून नेला होता. तुम्ही तो बैलगाडीतून आणलात, धुतलात आणि ऐरणीशेजारी ठेवलात. म्हणालात, "तुजं कान माज्यापरीस तिखट हायेत. ठोक." मी पात्यावर, कण्यावर, दांड्यावर ठोके दिले. देवळाच्या घंटेसारखा बोलला. कुठे चीर नाही, सांधा सुटलेला नाही. तुटला असता तर तुम्हाला बरं वाटलं असतं, हे मला तुमच्या तोंडावर दिसलं. लोखंडाला दोष देता आला असता. "मंग पातंच चुकलं," तुम्ही म्हणालात. त्यानंतर तुम्ही एकामागून एक नांगर केलेत. पातं रुंद केलंत, टोक आणखी उतरतं केलंत, वजन वाढवलंत. प्रत्येक वेळी खाचरात चिखल, प्रत्येक वेळी बैल, आणि प्रत्येक वेळी नांगर रुतायचाच. तेच तुम्हाला खात होतं. "हितं धरतोय, मंग तितं का सोडला?" तुम्ही विचारायचात, मला नव्हे, नांगराला. इकडे लोकांनी फाळ आणणं बंद केलं. बाजारात एकजण माझ्या देखत म्हणाला, "ज्याचा नांगर पान्यात सुटला त्यो रानात काय धरनार?" मी त्याच्या अंगावर गेलो. तुम्ही मला दंडाला धरून मागे ओढलंत. "खरं हाय त्ये," म्हणालात.

काम उरलं नाही म्हणून मी मुंबईला गेलो आणि बोटी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात लागलो. तिथल्या आवारात एके दिवशी कुठल्याशा परदेशी बोटीवरून उतरवलेला एक नांगर पडलेला दिसला. चाचा, तो तुमचा नांगर होता. पाखांसारखी दोन पाती, टोक जड, दांडा खिळीवर फिरता. मी उकिडवा बसून त्यावर हात फिरवत होतो. रत्नागिरीकडचा एक म्हातारा खलाशी होता, तो मागे येऊन उभा राहिला. मी विचारलं, "हा धरतो का हो?" "ह्याच्याइतका दुसरा धरत नाही. साहेबाच्या मुलखात लई वर्षं वापरतात." "आमच्याकडे एकानं केला होता. नाही धरला." "दोर किती होता?" मी सांगितलं, पाणी पस्तीस हात, दोर चाळीस. तो हसलाच. "अहो, मग तो नांगर टाकला नाही, टांगला. दोर पाण्याच्या पाचपट हवा. निदान तिप्पट. दोर लांब असला तर नांगर आडवा ओढला जातो आणि आत शिरतो. आखूड असला की नाव त्याला वर उचलते, हिसका बसतो नि सुटतो. तुम्ही शेतकरी ना? नांगराचं टोक वरून ओढलं तर तास पडतो काय?" सत्तर हात असता तर तिप्पटही नव्हे, दुप्पटच भरला असता. पण आडवा ओढला गेला असता, घसरत का होईना, कातळाआधी कुठेतरी धरला असता. मी हे पुष्कळदा मांडून पाहिलंय, आणि दर वेळी तसंच निघतं. आपले बैल आडवेच ओढत होते, चाचा. म्हणून खाचरात तो प्रत्येक वेळी रुतत होता. तुम्ही हजार नांगर केले असतेत तरी त्या खाचरानं तुम्हाला उत्तर दिलं नसतं.

त्या दिवाळीला मी गावी आलो. तुम्ही भट्टीत बसला होता, भाता थंड, समोर सातवा नांगर. खोकला लागलेला. "बोटीवर काय शिकलास?" तुम्ही विचारलंत. मी वेल्डिंगचं सांगितलं, क्रेनचं सांगितलं, एका साहेबाची टोपी पाण्यात पडली त्याची नक्कल करून दाखवली. तुम्ही बऱ्याच महिन्यांनी हसलात. मग म्हणालात, "आन् नांगर? तिकडं नांगर कसलं असत्यात?" सगळं तोंडापर्यंत आलं होतं. पण पाचपट दोर म्हटलं की तुम्ही पुढचा प्रश्न विचारणार. आपला किती होता? आणि त्याच्या पुढचा, कुणी तोडला? मी म्हणालो, "असत्यात आपले, दोन आकड्यांचे." पुढच्या दिवाळीलाही तेच. त्यानंतरच्या माघात तुम्ही गेलात. मातीला मी पोचलो नाही, तिसऱ्या दिवशी आलो. चाचींनी सांगितलं, शेवटपर्यंत पात्याचंच बोलत होते. आजही तुमच्यावर कुणी काही बोललं की मी भांडायला उठतो. लोकांना वाटतं, काय हा चाचांचा माणूस.

एक राहिलं. नाव बुडाली त्याच साली, मार्गशीर्षातलं आहे. माझ्या थोरलीचं बारसं होतं. तुम्ही बाजरीच्या दाण्याएवढ्या घुंगरांचा वाळा घेऊन आला होता, स्वतः घडवलेला. बायका पाळण्याभोवती जमलेल्या. लोखंडात काम करणाऱ्या माणसाची सवय, तुम्ही आधी आढ्याकडे पाहिलंत, मग पाळण्याचा दोर मुठीत धरून दोनदा हिसडा देऊन बघितला. "लई चांगला दोर हाय," म्हणालात. "काथ्या. कुटनं आणला?"

नावाडी जाऊन तीन महिने झाले होते. मेलेल्या माणसाचा दोर मी तान्ह्या पोरीच्या डोक्यावर बांधला, हे कुठल्या तोंडानं सांगणार? तेव्हा मला वाटलं, लपवायचं ते एवढंच आहे. खरं सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, किती तोडलास, आणि बोटांवर मोजलं असतंत. तुम्ही रान जाणणारे होता. वरून ओढलेला नांगर सुटतो हे तुम्हाला कुणा खलाशानं सांगावं लागलं नसतं. उत्तर तुमच्या मुठीत होतं, चाचा.

"बाजारातनं," मी म्हणालो.

"पौडच्या?"

"व्हय."

"आता मिळतो व्हय असला दोर पौडला," तुम्ही म्हणालात, आणि दोर सोडून दिलात.