पोस्टरवरची पाठ

३ मार्च, मंगळवार

आणि वर दादा म्हणतो, "तुझ्याच मानासाठी चाललंय रे सगळं!" माझा मान! गुडघा फुटला तेव्हा कुठे होता मान? पाच वर्षं त्या फुटबॉल क्लबसाठी गोल मारले. ऑपरेशन होऊन शुद्धीवर आलो, तर माझं कपाट रिकामं करून सामान पिशवीत भरून घरी पाठवलेलं. आणि माझा नऊ नंबर लांब्याला दिलेला. पाच वर्षं राखीव म्हणून बाकावर बसणारा लांब्या! पुढच्याच रविवारी तो नऊ घालून खेळला.

आता दोन वर्षांनी त्यांना माझी आठवण आलीय. निरोपाचा सामना ठेवणार म्हणे. मेलेल्या म्हशीला मणभर दूध! आणि खर्च कुणाचा? — माझा! मैदानाचं भाडं, दिवे, पंच, चहापाणी. एक लाख ऐंशी हजार. "तू बाहेर कमावतोस, तुला काय जड आहे?" — इति दादा. मी बाहेर काय करतो हे त्याला चांगलं माहीत आहे. हॉटेलांच्या चादरी धुतो.

नाही म्हणालो. फोन आपटला. मग काच फुटली का ते बघितलं.

४ मार्च

चीड जात नाही. खोलीतल्या बाकीच्यांशी बोललो की भांडण होतं, म्हणून इथे लिहितोय.

गुडघा फुटला त्या दिवशी मध्यंतरात क्लबच्या डॉक्टरने गुडघ्यात सुई टोचली. "काही होत नाही, वाघ आहेस तू!" वाघ. सर्कशीतला. दुसऱ्या अर्ध्यात गोल मारला आणि खाली पडलो तो परत उठलोच नाही. लोकांना वाटलं आनंदाने लोळतोय. टाळ्या वाजवत होते!

८ मार्च, रविवार

बायकोचा फोन. तिचं तेच. दादाच्या घरात तिला आणि पोरीला एक कोपरा, मध्ये पडदा. पोरगी रडली की पलीकडून खोकल्याचे आवाज येतात. "दोन खोल्या बघून ठेवल्यात मी. डिपॉझिट आणि आगाऊ भाडं धरून दीड लाख लागतील."

मी म्हटलं, पैसे नाहीत. दर महिन्याचे दादाच्या खात्यावर टाकतो, त्याला विचार.

"भाऊजींना विचारलं की भाऊजी जाऊबाईंकडे बघतात, आणि जाऊबाई छताकडे."

मला हसू आलं. तिला नाही आलं.

खोटं बोललो. पैसे आहेत. एक लाख नव्वद हजार. दादालाही माहीत नाहीत. एकेक जास्तीची पाळी करून साठवलेत. कशासाठी, ते मला तरी कुठे माहीत आहे?

११ मार्च

ओल्या फरशीवर चादरींचा गाडा ढकलताना गुडघा अडकला. मुकादम ओरडला, "काय म्हातारबा, दमलात?" सव्वीस वर्षांचा आहे मी! ओठांवर आलं होतं — अरे, माझ्या नावाने अख्खं मैदान ओरडायचं. नाही बोललो. तो म्हणाला असता, मग इथे काय करतोस?

१३ मार्च, शुक्रवार

दादाला फोन केला. हो म्हणालो.

शिव्या घालणाराही मीच आणि हो म्हणणाराही मीच! पण एकदा, फक्त एकदा, त्या पायऱ्या चढून मैदानावर यायचंय. भोंग्यावर माझं नाव ऐकायचंय. मला कुणी "जा" असं म्हणालंच नाही कधी. चोराला हाकलतात तेही सांगून हाकलतात. माझं नुसतं कपाट रिकामं केलं.

दादा इतका खूश झाला की पोरीला फोनवर बोलायला लावलं. ती फोनला घाबरली.

बायकोला नाही सांगितलं.

१५ मार्च, रविवार

पहाटे धुलाईच्या कारखान्यामागे पळालो. मुकादम सायकलवरून येत होता. "मागे कोण लागलंय? सावकार?"

दुपारी गुडघा टम्म फुगला. आठ मिनिटं खेळलो तरी चालेल. पाच.

१९ मार्च, गुरुवार

क्लबच्या वेबसाइटवर पोस्टर आलं! हिरवंगार मैदान, पाठमोरा खेळाडू पळतोय, हात पसरलेले, पाठीवर नऊ. खाली मोठ्या अक्षरात — निरोप आपल्या नऊ नंबरला. संध्याकाळभर तेच बघत बसलो. काय पळायचो मी!

खोलीत सगळ्यांना दाखवलं. आमच्यात एक ट्रकवाला आहे, आठ वाजताच झोपतो म्हणून त्याला आजोबा म्हणतात. तोही उठून बसला. म्हणाला, "सगळं बरोबर आहे, पण तोंड कुठाय?"

म्हटलं, "तोंडाने गोल मारतात का?"

सगळे हसले. या खोलीत पहिल्यांदाच माझ्या बाजूने हसले.

२० मार्च

दादाने माझ्या बायकोला पोस्टर दाखवलं. म्हणजे खर्चाचंही कळलं. फोन वाजला तेव्हाच मी कंबर कसली होती. पण ती ओरडेना. एवढंच म्हणाली, "हा तू नाहीस."

"काय?"

"हा लांब्या आहे. तुझा डावा खांदा पडतो. पळताना तर फारच. याचे दोन्ही सारखे आहेत."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मला फुटबॉल शिकवतेस? माझी पाठ मला माहीत नाही?

"तुला कुठून माहीत असणार? तू कधी बघितलीस? मी बघितली. शिबिराला निघालास — पाठ. सामन्याला निघालास — पाठ. पोरगी बारा दिवसांची होती, बॅग उचललीस — पाठ. दुसरं काय बघायला दिलंस मला?"

मग म्हणाली, "पैसे नव्हते ना तुझ्याकडे?"

फोन ठेवला. आपटला नाही. नुसता ठेवला. आपटला असता तर बरं झालं असतं.

२१ मार्च, शनिवार

दादाला फोनवर धरला. ही पाठ कुणाची? आधी म्हणाला, तुझीच. मग म्हणाला, तशी तुझीच. मग म्हणाला, "अरे, क्लबकडे तुझा फोटोच नाहीये! ऑफिस हलवलं त्यात जुने सगळे गेले. नंबर नऊ आहे ना? मग पाठ ती पाठ. कुणाला कळतंय!"

शर्ट घेतला, जागा घेतली, आता माझा निरोपही लांब्याच घेणार!

"ते जाऊ दे, पैसे सोमवारपर्यंत टाक. क्लबच्या अध्यक्षांनी मैदानावरचं कँटीन मला द्यायचं कबूल केलंय." असं आहे होय! माझा मान, माझा मान — आणि भजं तळणार हा! आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पण खरी चीड त्याची नाही. अध्यक्षांना कळलं नाही, दादाला कळलं नाही — आणि मला? मला तरी कळलं? लांब्याच्या पाठीवर एक अख्खी संध्याकाळ जीव ओवाळून टाकला मी!

२२ मार्च, रविवार

तरी वाटलं, तीच चुकत असेल. आजोबाला गल्लीत नेलं. म्हटलं, फोटो काढ माझा. मागून.

"मागून? पुढून एवढा वाईट नाहीस रे!"

आधी चाललो. मग जमेल तसं पळालो. आजोबाने ढीगभर काढले, अर्ध्यांत त्याचाच अंगठा. एक बरा निघाला.

पडतो. डावा खांदा पडतो. इतका की शर्ट त्या बाजूला घसरलाय. एकाही कोचने कधी सांगितलं नाही मला. माझ्या मागे पळणाऱ्या एकाही बचावपटूला दिसला नाही.

तिला दारातून दिसला. वळणापर्यंत बघत राहत असणार. मी कधी मागे वळलोच नाही. स्ट्रायकरने मागे बघायचं नसतं, गोलकडे बघायचं — असं मीच तिला ऐटीत सांगायचो. गाढव!

आजोबा म्हणाला, "कुणाला पाठवायचाय का?"

म्हटलं, पुसून टाक. तिच्याकडे आहे.

२३ मार्च

दादाचे फोनवर फोन. उचलले नाहीत. इस्त्रीच्या रोलरवर बोट भाजलं.

२४ मार्च

उचलला. "अध्यक्ष थांबलेत! माझी अब्रू घालवतोस का?" म्हटलं, "लांब्याकडून घे. पाठ त्याची आहे, खर्चही त्यालाच करू दे."

मग खूप बोलला. मी कुणामुळे बूट घालायला शिकलो, कुणी खांद्यावरून मैदानावर नेलं. खरं आहे ते. नेलं होतं त्याने. म्हणूनच आत्तापर्यंत ऐकत आलो.

मग तिला फोन लावला. म्हटलं, त्या दोन खोल्यांचे पैसे पाठवतो, तुझ्या नावाने खातं उघडून घे. म्हणाली, "लग्नाच्या आधीपासून आहे. कधी विचारलंस?"

२५ मार्च, बुधवार

सामना रद्द. कुणी काही म्हणालं नाही, वेबसाइटवरून पोस्टर नुसतं काढून टाकलं. पुन्हा कपाट रिकामं.

दुपारच्या सुट्टीत बँकेत गेलो. पहिल्यांदाच दादाच्या खात्यावर नाही, तिच्या. एक लाख ऐंशी हजार.