पांढऱ्या ब्लाऊजवरचे डाग

मंगळवार, संध्याकाळ

आज ऑफिसात साहेब पत्राचा मजकूर सांगत होते आणि माझ्या पांढऱ्या ब्लाऊजवर दुधाचे डाग उमटले. बेबी चार महिन्यांची, घरी सासूबाईंजवळ. दिवसभर पदर ओढून टाईप करत बसले. कुणी पाहिले असतील का ते डाग? नोकरी सोडावी, असंही मनात आलं.

घरी ब्लाऊज भिजवताना सासूबाईंनी पाहिलंच. म्हणाल्या, "पांढरं कशाला घालतेस? गडद छापील शिव, जांभळं तुला खुलेलही. पुढून बटणं, आतून दुपदरी अस्तर. मी गिरणीत जायचे तेव्हा असंच करायचे."

त्या गिरणीत जायच्या हे ठाऊक होतं. हे नव्हतं.

उद्या संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ, ऑफिस बंद. शिवायला वेळ मिळेल. अस्तरासाठी त्यांनी आपलं मऊ लुगडं फाडलंसुद्धा.