दादाच्या रक्तातलं विष

तंजावूर
१८ ऑगस्ट १९६१

तुमच्या चरणी वसुमतीचा नमस्कार. मी नीट पोचले, गाडीत बसायला जागाही मिळाली. माझी काळजी नसावी.

भीमसेनदादा इस्पितळातच आहे. हिरड्यांतून रक्त येतं, अंगभर निळे डाग उठलेत, लघवी काळी होते. डॉक्टर म्हणाले, "अम्मा, रक्तात कसलंतरी विष भिनलंय. कसलं ते कळलं तर उतारा देता येईल." घरातले तांदूळ, तेल, विहिरीचं पाणी, सगळं मद्रासला तपासायला पाठवलं. काहीच सापडलं नाही.

भामावहिनी सोमवारी गेली. तिलाही हेच झालं होतं. दादाला आम्ही कळू दिलं नाही. काल त्यानं विचारलं, "भामा का येत नाही गं?"

मी म्हटलं, "तिला थोडा ताप आहे."

तो भिंतीकडे वळला आणि म्हणाला, "कुंकू तरी नीट लावलंत ना तिला?"

शेजारच्या वेंकूबाई जेवण देतात, पण उंबऱ्याच्या आत येत नाहीत. त्यांना दोष कसा देऊ? मीही इथल्या मिठाला हात लावत नाही.

आईंचे गुडघे कसे आहेत? अंबा वेणी घालून घेते का?

डबा पुरून टाका, अशी तार सकाळी केली, ती मिळाली असेल. वहिनीनं उन्हाळ्यात पाठवलेल्या सांडगी मिरच्यांचा तो डबा. अंबाला त्या फार आवडतात. तिनं खाल्ल्या असतील तर लगेच उलट तार करा. नसतील खाल्ल्या, तरीही करा.

आईंना नमस्कार, अंबाला पापा.

तुमची,
वसुमती