शेजाऱ्यांसाठी रकाना नाही

अण्णा, दुपारचे साडेतीन वाजलेत. आयटी पार्कातली जेवणाची गर्दी ओसरली आहे आणि संध्याकाळची अजून यायची आहे. या मधल्या तासात दुकानाच्या मागच्या खोलीत बसून तुम्हाला लिहितो आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, त्यामुळे मी हडपसरला बर्गरचं दुकान काढलं हे तुम्हाला ठाऊक नाही. बर्गर म्हणजे काय ते समजावलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "म्हणजे वडापावच, पण इस्त्री केलेला." आणि मग विचारलं असतं, "तुझं आहे का भाड्याचं?" याचं उत्तर मला साडेचार वर्षांत नीट देता आलेलं नाही. पाटी कंपनीची, पाव कंपनीचा, पाव भाजायचं यंत्रही कंपनी सांगेल त्याच माणसाकडून घेतलेलं. घाबरणं तेवढं माझं स्वतःचं.

तुमचं कॅन्टीन इथून दीड किलोमीटरवर होतं. कारखाना गेला, तिथे आता काचेच्या इमारती आहेत आणि तिथलीच मुलं माझ्याकडे खायला येतात. मी आठवीत असताना एका शनिवारी तुम्ही मला तिथे नेलं होतं. मोठ्या पातेल्यातून आमटीची वाफ येते आहे, तुम्ही मुख्य आचारी म्हणून सगळ्यांवर नजर ठेवून उभे आहात, आणि मला भूक लागलीय म्हणून मी ताट घेऊन सरळ बसतो. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "ऊठ. आधी वाढणारे जेवतील. उपाशी माणसाचा हात वाढताना आखडतो." मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी जेवलोच नाही. पुढे कारखान्यानं कॅन्टीन ठेकेदाराला दिलं आणि तुम्हाला स्वेच्छानिवृत्ती. त्या पैशातून येरवड्याच्या दोन खोल्या झाल्या. तुम्ही गेल्यावर आईनं तिचा हक्क सोडून घर माझ्या नावावर केलं आणि मी ते या दुकानासाठी बँकेकडे गहाण टाकलं. दुकान गेलं तर घर जाईल. आता पुढचं सांगतो.

करार त्रेसष्ट पानांचा आहे, इंग्रजीत. मी बी.कॉम. झालेला माणूस, वाचला दोनदा, आणि समजला मात्र हप्त्याहप्त्यानं. सुरुवातीला नाव वापरण्याची एकरकमी फी भरली, ती परत मिळत नाही हे कळलं होतं. अनामत रकमेचंही कळलं होतं. रॉयल्टीचं कळलं पहिल्या महिन्याच्या शेवटी. शंभर रुपयांतले सहा त्यांचे, हे वाचलं होतं, पण माझ्या डोक्यात ते नफ्यातले सहा होते. तुमच्या माझ्यासारख्या माणसाला दुसरं सुचणार तरी कसं? उरलं तर त्यातून द्यायचं. तसं नाही अण्णा. गल्ल्यात पडलेल्या शंभरातले सहा. वीज, भाडं, पगार, वाया गेलेले बटाटे हे सगळं नंतर, आणि ते माझं. त्या महिन्यात मला सतरा हजारांचा तोटा झाला आणि मी त्यांना रॉयल्टी भरली. वर जाहिरातीचे तीन रुपये. त्या पैशातून लागलेला एकही फलक मला आजवर पुण्यात दिसलेला नाही. त्या दिवसापासून फोन वाजला की आधी नंबर कंपनीचा आहे का ते बघतो.

पण तरीही चाललं असतं. घोळ केला तो उद्घाटनाच्या दिवशी. सकाळी बुद्धवंदना झाली, आणि येरवड्याहून आपली अख्खी गल्ली टेम्पोत बसून आली. नव्या दुकानाच्या पहिल्या दिवशी आपल्या माणसांकडून पैसे घ्यायचे? मी म्हटलं, बसा सगळे, आणि खोक्यांतून बर्गर वाटले, एकशे बारा. शेजारच्या मावशींनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "चांगलं आहे रे, पण भाजी द्यायला विसरलास वाटतं." खूप हसलो होतो सगळे. दीड महिन्यानं कंपनीची तपासणी अधिकारी आली. तरुण, हसतमुख बाई. तिनं बिलं पाहिलीच नाहीत, खोकी मोजली. आलेली किती, उरलेली किती.

"सर, एकशे बारा बॉक्स शॉर्ट आहेत. बॉक्स गेला म्हणजे सेल झाला."

"अहो मॅडम, ते आमचे शेजारी होते. उद्घाटनाला आले होते."

तिनं खरंच फॉर्म खालीवर करून पाहिला. "शेजाऱ्यांसाठी कॉलम नाहीये सर."

त्या एकशे बारांवर रॉयल्टी लागली, दंड लागला आणि विक्री लपवल्याची लेखी ताकीद आली. तेव्हा मी पुन्हा करार उघडला आणि एकेचाळिसाव्या पानावर ते कलम नीट वाचलं. पाच वर्षांत तीन लेखी ताकिदी झाल्या की करार संपला. पाटी काढायची, अनामत बुडाली, कर्ज तसंच राहिलं.

दुसरी ताकीद तुमच्यामुळे आली असं म्हटलं तर रागावू नका. माझ्याकडे सहा जणं कामाला आहेत, त्यातल्या चौघी मांजरी, फुरसुंगी या गावांकडून येणाऱ्या बायका. त्या उपाशी उभ्या राहून बर्गर बांधतात हे मला बघवेना. दुकानातलं खायला द्यावं तर खोकी मोजली जाणार. म्हणून मी घरून पोळीभाजीचा मोठा डबा आणायला लागलो, गर्दीच्या आधी सगळ्यांना जेवू घालायचो. डबा शीतपेटीत ठेवलेला सापडला. बाहेरचं अन्न आवारात आणायचं नाही, आरोग्याचा नियम. ती बाई म्हणाली, "सर, आय फील बॅड, पण फोटो काढावा लागेल." माझ्या वांग्याच्या भाजीचा फोटो कंपनीच्या दिल्लीच्या कार्यालयात गेला. तेव्हापासून बायका गर्दी ओसरल्यावर बाहेर, रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर जाऊन जेवतात. गर्दीत त्यांचा आखडता हात मी रोज बघतो. दुकानात वर कॅमेरा आहे. मी त्याच्याकडे पाहायचंही टाळतो.

काल तुमच्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन होतं. सकाळी घरी भंतेजी येऊन गेले, त्यानंतर मी दुकानात आलो. तपासणी या आठवड्यात कधीही होईल असा फोन होता. साडेबाराला काचेतून पाहतो तर आई. बस बदलून आलेली, हातात खिरीची किटली, तुमच्या नावानं माझ्या माणसांना द्यायला. मी धावत दारात गेलो आणि दार अडवून उभा राहिलो.

"आई, आत नको. आज नको."

"अरे, वाटीवाटी देते आणि जाते. बसत पण नाही."

"आई, तुला सांगून कळणार नाही. जा ना तू."

असं म्हणालो मी तिला. "जा ना तू." ती जराही रागावली नाही. बरं म्हणाली आणि रस्ता ओलांडून बसथांब्यावर जाऊन बसली. मग आमच्या बायका एकेक करून तिच्याकडे गेल्या. मी काचेआडून पाहत होतो. ती किटलीतून ओतत होती, पुन्हा विचारत होती, आणखी ओतत होती, आणि त्या उभ्यानं पीत होत्या. सहाही जणं जाऊन आली. मीच गेलो नाही. तपासणीची बाई काल आलीच नाही, अण्णा. आजही नाही.

आज सकाळी मी बूट घालत होतो. आई समोर मेथी निवडत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "त्या दुकानाला तू एवढा का भितोस रे? घर बीर तर नाही ना दिलंस त्यांना?"

मी म्हटलं, "छे, काहीतरीच काय."

ती "बरं" म्हणाली. कालच्यासारखंच.

बाहेर गर्दी सुरू झाली, कोणीतरी मला हाक मारतंय. हा कागद घडी करून खिशात ठेवतो, संध्याकाळी फाडून टाकीन. रॉयल्टी, जाहिरात, एकेचाळिसावं पान, सगळं तुम्हाला किती नीट समजावलं मी. तिला समजावलं असतं तर तिलाही कळलं असतं, ती काही अडाणी नाही. पण ती पुढचा प्रश्न विचारते. तुम्ही आता विचारत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.